रात्रीच्या गाडीतील बंद खोली

वऱ्हाडातून मुंबईस जाणारा उतारू बहुधा रात्रीच्या गाडीने निघतो. लोहमार्गाने मुंबई अकोल्यापासून सुमारे 580 किलोमीटर आहे, आणि बडनेऱ्यापासून सुमारे 660. एवढे अंतर तोडण्यास गाडीला सारी रात्र लागते. संध्याकाळी घरचे काम आटोपून निघावे, सकाळी मुंबईस उतरावे आणि तेथल्या कामाला लागावे, असा हा सोयीचा प्रवास आहे. कुणी मुलाखतीस निघालेला असतो, कुणी परीक्षेस, कुणी लग्नास. आणि कितीतरी लोक घरातील आजारी माणसाला मोठ्या रुग्णालयात दाखवण्यासाठी निघालेले असतात. ह्या गाड्यांना नाना तऱ्हेचे डबे असतात. त्यांतच एखादा डबा असा असतो की, त्याच्या खिडक्यांवर पडदे असतात आणि आत बाकांच्या रांगांऐवजी दारे असलेल्या लहान लहान खोल्या असतात. फलाटावरून तुम्ही तो पाहिला असेल. आत काय असते आणि तेथे एक रात्र कशी जाते, ते ह्या पाठात पाहू.

पण हा मार्ग वऱ्हाडात आला कसा, हे आधी सांगितले पाहिजे. मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली. पुढे सह्याद्रीतील थळ घाट फोडून 1865 साली रूळ वर चढले, आणि 1867 साली गाडी भुसावळ, अकोला, बडनेरा ह्या मार्गाने नागपुरास पोहोचली. ही घाई उतारूंसाठी नव्हती. ती कापसासाठी होती. अमेरिकेत 1861 ते 1865 पर्यंत यादवी युद्ध चालले. तेथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसाला एकाएकी मोठी मागणी आली. अमरावती व खामगाव ह्या कापसाच्या मोठ्या पेठा मुख्य मार्गापासून बाजूला पडत होत्या, म्हणून बडनेऱ्याहून अमरावतीस आणि जलंबहून खामगावास फाटे काढले. आजही मुंबईकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्या अमरावतीत येत नाहीत, आणि अमरावतीकरांना गाडी धरण्यासाठी बडनेऱ्यास जावे लागते, त्याचे मूळ ह्या जुन्या आखणीत आहे. थोडक्यात, ह्या रुळांवरून आधी गाठी गेल्या आणि मग माणसे.

त्या काळच्या डब्यातील खोली आजच्याहून फार निराळी होती. इंग्लंडच्या धर्तीवर बांधलेल्या डब्यांत प्रत्येक खोलीचे दार सरळ फलाटावर उघडे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्यास आतून वाट नसे. गाडी चालू झाली की पुढचे स्थानक येईपर्यंत उतारू आपल्या खोलीत अडकलेला. तिकीट तपासनिसाला चालत्या गाडीच्या बाहेरच्या पायरीवरून, दांडा धरून, एका खोलीपासून दुसरीपर्यंत सरकत जावे लागे! अंथरूण-पांघरूण उतारूने स्वतःचे आणावयाचे. ते जाड कापडाच्या होल्डॉलमध्ये गुंडाळून हमालाच्या डोक्यावर दिलेले असे. साहेबांच्या खोलीशेजारी त्यांच्या नोकरांसाठी एक लहान खण असे. तिसऱ्या वर्गातील माणसे मात्र लाकडी बाकांवर दाटीवाटीने बसत.

पहिल्या वर्गाच्या खोलीचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. 7 जून 1893 च्या रात्री दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरित्झबर्ग स्थानकावर एका तरुण हिंदी बॅरिस्टराला पहिल्या वर्गाचे तिकीट जवळ असूनही डब्यातून खाली उतरवण्यात आले, कारण त्याचा वर्ण गोरा नव्हता. ते होते मोहनदास करमचंद गांधी. कडाक्याच्या थंडीत त्यांनी ती रात्र स्थानकाच्या प्रतीक्षालयात काढली. पुढे 1915 साली हिंदुस्थानात परत आल्यावर त्यांनी देशभर तिसऱ्या वर्गाने प्रवास केला, आणि त्या वर्गाच्या उतारूंचे हाल 1917 साली लिहून प्रसिद्ध केले.

आता आजच्या डब्याकडे येऊ. समजा, तुम्ही आईबरोबर आजीला घेऊन अकोल्याच्या फलाटावर उभे आहात. आजीच्या गुडघ्यांवर मुंबईत शस्त्रक्रिया व्हावयाची आहे. तिला फार वेळ बसवत नाही आणि वर चढणे तर शक्यच नाही. म्हणून घरच्यांनी पैसे जुळवून वातानुकूलित पहिल्या वर्गाची तीन तिकिटे काढली आहेत. ह्या वर्गाचे भाडे साध्या शयनयानाच्या कित्येक पट असते. तेव्हा हा चैनीचा नव्हे, गरजेचा खर्च आहे. गोंदियाहून येणारी विदर्भ एक्सप्रेस किंवा हावड्याहून येणारी मुंबई मेल ह्यांसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना हा डबा जोडलेला असतो. त्याची खूण म्हणजे एच हे अक्षर. कधी अर्धा डबा पहिल्या वर्गाचा आणि अर्धा दुसऱ्या वर्गाचा असतो. मग त्यावर एचए असे लिहिलेले असते. गाडी अकोल्यास थोडीच मिनिटे थांबते. डबा फलाटावर कोठे लागणार, ते पाटीवर पाहून आजीला आधीच तेथे नेऊन बसवावे. धावत डबा शोधणे तिला जमणारे नाही.

डब्यात शिरताच एका बाजूला खिडक्यांच्या कडेने लांब, अरुंद वाट दिसते. दुसऱ्या बाजूला ओळीने खोल्या. चार बर्थच्या खोलीला केबिन म्हणतात, दोन बर्थच्या खोलीला कूपे. प्रत्येकीच्या दारावर इंग्रजी अक्षर असते. येथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. तिकिट काढताना त्यावर कोणतीही खोली लिहून मिळत नाही. गाडी सुटण्याच्या काही तास आधी उतारूंची यादी तयार होते, आणि त्या वेळी कुणाला कोणती खोली ते ठरते. तीन माणसांच्या कुटुंबाला चार बर्थची केबिन मिळाली, तर चौथ्या बर्थवर कुणीतरी अनोळखी उतारू येणारच. कदाचित तो नागपूरलाच चढून झोपलेलाही असेल. खोली बंद दाराची असली, तरी ती केवळ आपलीच असते असे नाही.

आणि नेमका खालचा बर्थ त्या अनोळखी माणसाचा असला तर? यादी छापणाऱ्या यंत्राला उतारूचे वय कळते, पण गुडघे कळत नाहीत. अशा वेळी हुज्जत घालू नये आणि गप्पही बसू नये. आई त्यांना नम्रपणे म्हणेल, “काका, आमच्या आईंना वर चढता येत नाही. आपण वरचा बर्थ घेतला तर फार उपकार होतील.” शंभरात पुष्कळ लोक हे ऐकतात. पण ते काका स्वतःच पाठीच्या दुखण्याने बेजार असतील, तर त्यांनी नाही म्हणण्यात काही गैर नाही. तो बर्थ त्यांच्या नावाचा आहे. मग तिकीट तपासनीस आल्यावर त्यांना विचारावे. दुसऱ्या खोलीत अदलाबदल होण्यासारखी असली, तर ते ती करून देऊ शकतात. येताना ते ओळखपत्रही पाहतात, म्हणून ते हाताशी असू द्यावे, सामानाच्या तळाशी नको. तुमच्यापैकी कुणी बारा वर्षांच्या आतले असेल, तर स्वतंत्र बर्थसाठी त्याचेही पूर्ण भाडे भरावे लागते.

खोली लहान, पण विचारपूर्वक सजवलेली असते. खिडकीखाली एक लहान मेज, भिंतीवर आरसा, कपडे अडकवण्यास खुंट्या, वाचण्यासाठी प्रत्येक बर्थजवळ वेगळा दिवा, आणि सारे दिवे मालवल्यावर मंद जळणारा एक निळसर दिवा. खालचा बर्थ दिवसा बसण्याचा बाक होतो. वर जाण्यास लहान शिडी असते. सामान खालच्या बर्थखाली ढकलावे. तेथे साखळी बांधण्यास कड्याही असतात. दोन पांढऱ्या चादरी, उशी, ब्लँकेट आणि हात पुसण्याचा टॉवेल रेल्वेच देते. ते आणून देणारा डब्याचा सेवक असतो. त्याला सारे अटेंडंट म्हणतात. त्याला बोलावण्यास भिंतीवर घंटीचे बटण असते. बटण दिसले म्हणून ते दाबून पाहण्याचा मोह तुम्हांला होईल, पण त्या माणसाला साऱ्या डब्याची उठबस करावयाची असते.

आजी गादीवर हात फिरवून कदाचित म्हणेल, “बाप्पा, हे तं घरच हाय!” तिच्या लहानपणी तिने पाहिलेले बर्थ निराळे होते. साध्या शयनयानात तेव्हा नुसत्या लाकडी फळ्या असत आणि रात्रभर हाडे शेकून निघत. तिसरा वर्ग 1974 साली रद्द झाला आणि तो दुसऱ्या वर्गात मिळवला गेला. पण नाव बदलल्याने फळी मऊ झाली नाही. ती मऊ केली ती अहमदनगरला जन्मलेल्या प्राध्यापक मधु दंडवते ह्यांनी. 1977 ते 1979 ह्या काळात ते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर दोन इंच जाडीची गादी बसवावयास त्यांनी सुरुवात केली. पहिल्या वर्गाचा थाट कमी न करता दुसऱ्या वर्गाची पाठ वाचवण्याचा हा मार्ग होता. ह्या लेखकाला तर रेल्वेच्या सर्व सुधारणांत ही दोन इंचांची सुधारणा फार मोठी वाटते.

जेवणाचे काय? काही खास गाड्यांत भाड्यातच जेवण मिळते, पण वऱ्हाडातून जाणाऱ्या ह्या साध्या मेल व एक्सप्रेस गाड्यांत तसे नसते. घरून शिदोरी न्यावी हे बरे: दशम्या, तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी. रस्सा नको, वळणावर डबा हलला की तो चादरीवर सांडलाच. बंद खोलीत वास कोंडून राहतो, म्हणून लसणाचा ठेचा आपल्याला कितीही आवडत असला तरी त्याचा डबा लवकर मिटावा. शेगावला खिडकीबाहेर कचोरीवाल्यांची हाक येईल, पण ह्या डब्याच्या काचा उघडत नाहीत, तेव्हा दारापर्यंत जावे लागेल. गाडी तेथे फार वेळ थांबत नाही. मोठ्यांना विचारल्याशिवाय फलाटावर पाय ठेवू नये.

दार आतून लावता येते, पण उतारूजवळ त्याची किल्ली नसते. म्हणजे खोलीत कुणी नसताना ती बाहेरून बंद करता येत नाही. पैसे, तिकीट, आजीच्या तपासण्यांचे कागद ही पिशवी म्हणूनच कुणीतरी सतत जवळ बाळगावी. शौचालये डब्याच्या टोकांना असतात. आजीला रात्री जावे लागले, तर आईला उठवावे. चालत्या गाडीत म्हाताऱ्या माणसाने एकट्याने वाटेतून जाऊ नये. काही अडचण आलीच, तर 139 ह्या क्रमांकावर रेल्वेची मदत मिळते. धोक्याची साखळी खोलीतही असते. ती खऱ्या संकटासाठी आहे. विनाकारण ओढणे हा 1989 च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. तुमच्या एका ओढण्याने मागून येणाऱ्या गाड्याही खोळंबतात, आणि त्यांत आणखी कुणाची तरी आजी असते.

रात्री दहानंतर मोठे दिवे मालवावे आणि बोलणे हळू करावे, असा नियम आहे. खोल्यांमधल्या भिंती पातळ असतात. इकडची कुजबुज नाही, पण हसणे पलीकडे ऐकू जाते.

झोप लागेपर्यंत कान देऊन ऐकाल, तर गाडीच्या आवाजातही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पूर्वी रुळांचे तुकडे सुमारे तेरा मीटर लांबीचे असत आणि प्रत्येक सांध्यावरून चाक गेले की ‘खडक् खडक्’ असा ठेका पडे. लहान मुले त्या ठेक्यावर गाणी म्हणत. आता रूळ एकमेकांना वितळवून जोडतात. लांबच लांब अखंड रूळ तयार होतो आणि ठेका जवळजवळ नाहीसा होतो. मोठ्या स्थानकाजवळ गाडी रूळ बदलते, तेवढ्यापुरता तो ऐकू येतो. आणखी एक मौज: खोलीतील बर्थ गाडीच्या दिशेला आडवे असतात. म्हणून गाडीने वेग कमी केला, की झोपलेल्याचे अंग कुशीवरून किंचित लवंडते. डोळे मिटूनही स्थानक आल्याचे कळते ते ह्यामुळे.

बडनेऱ्याहून चढणाऱ्याला अकोल्यापूर्वी मूर्तिजापूर लागते. तेथून एके काळी यवतमाळास आणि अचलपुरास अरुंद रुळांची चिमुकली गाडी जात असे. तिला शकुंतला म्हणत. तिचे रूळ 762 मिलिमीटर अंतरावर, तर आपल्या मुख्य मार्गाचे 1676 मिलिमीटर अंतरावर. ती अलीकडे बंद पडली. तिच्यातून बसून कापसाच्या गावी गेलेली माणसे मात्र वऱ्हाडात अजून पुष्कळ भेटतात.

आपण निजलो तरी गाडी निजत नाही. पुढे इंजिनात चालक आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगत जागे असतात. शेवटच्या डब्यात गार्ड असतो. 2022 पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. आणि बाहेर अंधारात, ज्याला आपण कधी पाहत नाही असा रूळकामगार असतो. अकोल्याचा उन्हाळा तुम्ही जाणताच. पारा 45 अंशांच्या वर जातो. लोखंड उन्हाने प्रसरण पावते आणि थंडीने आकसते. कडक उन्हात अखंड रूळ वाकण्याची भीती, तर कडाक्याच्या थंडीत ताण बसून तो तडकण्याची भीती. म्हणून हिवाळ्याच्या रात्री हे कामगार हातात कंदील किंवा विजेरी, पाठीवर हत्यारे घेऊन रुळांच्या कडेने कित्येक किलोमीटर पायी चालतात आणि तडा दिसतो का ते पाहतात. आपली गाडी येताच ते बाजूला उभे राहून तिला दिवा दाखवतात. पडदा सारला, तर एका क्षणासाठी तो दिवा दिसतो.

भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, मनमाड ही स्थानके झोपेतच मागे पडतात. नाशिक रोड गेल्यावर इगतपुरी येते. येथून कसाऱ्यापर्यंत सुमारे 16 किलोमीटर गाडी सह्याद्री उतरते. चढ इतका तीव्र आहे, की काही ठिकाणी 37 मीटर पुढे गेले की रूळ एक मीटर खाली जातो. मुंबईकडून वर येणाऱ्या गाडीला एकट्या इंजिनाची शक्ती पुरत नाही. कसाऱ्यास तिला मागून ढकलणारी इंजिने जोडतात. आपण तर उतरतो आहोत. उतरताना अडचण ओढण्याची नसते, आवरण्याची असते. चालक सारखा ब्रेक सांभाळतो आणि गाडी सावकाश जाते. एखाद्या गाडीवरचा ताबा सुटलाच, तर तिला वळवून चढावर नेऊन थांबवता यावे, म्हणून घाटात बाजूला चढते रूळही बांधून ठेवले आहेत. बोगद्यात शिरताच आवाज एकदम मोठा होतो. आजी जागी होऊन विचारील, “कोणतं गाव आलं?” तेव्हा तिला घाट दाखवावा. उजाडले असेल, तर पावसाळ्यात खिडकीतून दरीतील धबधबेही दिसतात.

कल्याण येण्याच्या आधी आजीला उठवून, तोंड धुवून, चपला घालून बसवावे. दादरला उतरणाऱ्यांची घाई होते आणि वाटेत गर्दी होते. आपल्याला शेवटच्या स्थानकावर, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरावयाचे असेल, तर निवांतपणे थांबावे. परतीच्या प्रवासात मात्र अकोलेकरांनी दक्ष राहिले पाहिजे. मुंबईहून संध्याकाळी निघालेल्या ह्या गाड्यांतील काही अकोल्यास पहाटेच्या अंधारात पोहोचतात. बंद खोलीत बाहेरचा गलबला ऐकू येत नाही. ऊब असते, झोप गाढ लागते आणि डोळे उघडतात ते बडनेऱ्याला. सेवकाला आधी सांगून ठेवावे आणि आपलाही गजर लावावा.

उतारू उतरून गेले, की सेवक एकेका खोलीत जातो. चुरगळलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल वेगवेगळे मोजून गाठोडी बांधतो. एखादा टॉवेल कमी भरला, तर त्याचा हिशेब त्याच्याकडे मागितला जातो. गाठोडी धुलाईखान्याकडे जातात, डबा धुण्यासाठी यार्डात नेतात, आणि काही तासांनी त्याच बर्थवर वऱ्हाडाकडे निघालेल्या दुसऱ्या कुणासाठी नव्या चादरी येऊन पडतात.